सोळा नंबरचा वरचा जबडा

ता. १४ सप्टेंबर

तीर्थरूप आईंना,

साष्टांग नमस्कार, आणि लगोलग चौकशी. गुडघा कसा आहे? सकाळची गोळी घेता ना? की टेबलावर ठेवून तिच्याकडे नुसतं बघता?

मी सुखरूप आहे हे फोनवर सांगितलंच. पण आपलं फोनवरचं बोलणं म्हणजे अर्धं तुम्हाला ऐकू येत नाही आणि सगळं शेजारच्या काकूंना ऐकू येतं. तेव्हा तुम्ही म्हणालात तेच खरं, पत्रच बरं. काकूंना वाचून दाखवलंत तरी काय गाळायचं ते तुमच्या हातात राहील.

आणि कवळी घालत जा. डबीतल्या पाण्यात तिला वर्षभर पोहायला ठेवू नका. ज्या घरातून इतकी वर्षं गावभर कवळ्या गेल्या, त्या घरची मालकीण बोळक्या तोंडानं भाजीवाल्याशी भांडते, हे बरं दिसत नाही.

खरं सांगू? निघताना समोरच्या खोलीला कुलूप लावलं आणि ते दोनदा उघडून पुन्हा लावलं. हे गेले त्याला सहा वर्षं झाली, पण ती खोली एक दिवस बंद नव्हती. दवाखान्यांतून मापं यायची, मी मेण कोरत बसायची आणि तुम्ही दारात बसून सगळ्यांना “उद्या या” म्हणायचात. आता डॉक्टरांना संगणकावर बनवलेले दात हवेत, आणि ते शिकायला अडतिसाव्या वर्षी परदेशी जा, असं मला ना माझ्या आईनं सांगितलं ना भावानं. तुम्ही सांगितलंत. “जा, शिकून ये, मी काही मरत नाही.” हे तुमचे शब्द आहेत. लक्षात ठेवा.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. एक खाट, एक टेबल, एक खिडकी, आणि खाली कपडे धुण्याचं दुकान. दिवसभर साबणाचा वास वर येतो, त्यामुळे आपण फार स्वच्छ आहोत असं उगाच वाटत राहतं. शाळा बसनं वीस मिनिटांवर. वर्गात आम्ही बावीस जण, बहुतेक माझ्या भाचरांच्या वयाचे. शिकवणाऱ्या बाई उंच, वाळक्या, आणि आवाज असा की लाकूड कापलं जावं. मी मनातल्या मनात त्यांना ‘करवत’ म्हणते. इथे नावांचा कुणाला उच्चार जमत नाही म्हणून प्रत्येकाला नंबर दिलाय. मी एकोणीस नंबर.

आता माझी फजिती ऐका. हे काकूंना वाचून दाखवलंत तरी चालेल, नाहीतरी इथे सगळ्यांना माहीत झालंच आहे.

पहिल्या आठवड्यात बाईंनी आम्हा सगळ्यांच्या दातांची मापं घेतली आणि आम्ही त्यांत प्लॅस्टर ओतून जबडे बनवले, वरचा आणि खालचा. प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी. मला काम करायला सोळा नंबरचे जबडे मिळाले. माझे स्वतःचे जबडे शेजारच्या मुलीला द्यायचे होते. वरचा-खालचा जबडा जोडणाऱ्या बिजागरीवर बसवण्याआधी प्लॅस्टर भिजवावं लागतं, तुम्हाला माहीत आहेच. मी शहाणी! चारही जबडे एकाच तसराळ्यात बुडवले. चिठ्ठ्या सुटल्या आणि पाण्यावर तरंगायला लागल्या. म्हटलं, पंधरा वर्षं हेच करतेय, मला चिठ्ठ्या कशाला हव्यात? नुसत्या नजरेनं जोड्या लावल्या.

जोडी मागच्या बाजूनं नीट मिटेना. मला वाटलं प्लॅस्टरमध्ये हवेचा फुगा राहिला असेल. काढली सुरी, खरवडलं. अजून थोडं खरवडलं. मग बसली बाई झकास! तीन दिवस मी त्या तोंडावर काम केलं आणि मनात म्हणत होते, काय सुरेख दात आहेत या माणसाचे, खालचे तर फारच.

चौथ्या दिवशी करवतबाई आल्या. जबडा उचलला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि म्हणाल्या, “वरचा जबडा सोळा नंबरचा. खालचा तुमचा.”

आई, मला स्वतःचे दात ओळखता आले नाहीत! वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातून लोक बघायला आले. आणि प्लॅस्टर खरवडणं हे तर आपल्या धंद्यातलं महापाप. माणसाचं तोंड काही खरवडता येत नाही. ह्यांनी पाहिलं असतं तर आठवडाभर माझ्याशी बोलले नसते.

सोळा नंबर म्हणजे मागच्या बाकावरचा एक चाळिशीतला माणूस. तोही माझ्यासारखा परक्या देशातून आलेला. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. छापील पाट्या आल्या, हातच्या पाट्या कुणी घेईना, म्हणून दातांकडे वळला. तो उठून आला, जबडा हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिला आणि म्हणाला, “खाली शेजार चांगला मिळालाय. मोडू नका, मला द्या.” आणि खरंच घेऊन गेला.

शिक्षा म्हणून मला पुढच्या आठवड्यात त्याचं माप नव्यानं घ्यायचं आहे. बाकी सगळं ठीक. पत्र लगेच लिहा, आणि अक्षर मोठं काढा.

तुमची,
स्वतःचे दात न ओळखणारी


ता. २३ नोव्हेंबर

तीर्थरूप आईंना,

साष्टांग नमस्कार. पत्र पोचलं. गुडघ्यावर काकूंनी सांगितलेला पाला बांधू नका, डॉक्टरांनी सांगितलेलं मलम लावा. काकूंनी आजवर कुणाचा गुडघा बरा केलाय?

तुम्ही लिहिलंय की माझ्या ऑक्टोबरच्या चार पानी पत्रात सोळा नंबर अकरा वेळा आला, तुम्ही पेन्सिलनं खुणा करून मोजलं. आई, तुम्हाला उद्योग नाहीत का? वर्गातल्या गोष्टी सांगायच्या तर वर्गातली माणसं येणारच. करवतबाईही पाच वेळा आल्या असतील, त्या नाही मोजल्या! तुम्ही विचारलंत, “हा सोळा नंबर आहे तरी कोण?” तर सरळ उत्तर: वर्गातला एक विद्यार्थी. उंच आहे, थोडा वाकून चालतो, बोटांच्या नखांत कायम कुठलातरी रंग असतो. लग्न झालेलं नाही. एक थोरली बहीण आहे, तिला दर रविवारी फोन करतो. झालं एवढंच. उगाच मनात काही आणू नका.

त्याचं माप कसं घेतलं ते मागे लिहायचं राहिलं. लिहिते, कारण गंमत झाली. समोर माणूस खुर्चीत, तोंडात माझा साचा, साच्यात माप उमटवायची ती गुलाबी लापशी. ती घट्ट व्हायला तीन मिनिटं लागतात, तोवर साचा बोटांनी दाबून धरायचा. हलायचं नाही. आपल्याकडे डॉक्टर मापं घेऊन पाठवतात, मी कुठे कधी कुणाच्या तोंडात हात घातलाय? इतकी घाबरले की तोंडातून मराठी सुटलं. तीन मिनिटं नुसती मराठीत बडबडत होते. पाढे म्हटले, एकोणतीसचा पाढा म्हटला. त्याला हूं की चूं करता येईना. साचा काढल्यावर तोंड पुसून तो म्हणाला, “शेवटचं वाक्य पुन्हा म्हणा, ऐकायला चांगलं होतं.” मी म्हटलं नाही.

अभ्यास जोरात चालू आहे. संगणकावर दात काढणं मला जमायला लागलंय. हात थांबवून नुसती बोटं हलवायची याची सवय होईना, पण आता होतेय. मला जड जातोय तो रंग. आणि आज एक कबुली देते: तुमच्या कवळीचा रंग थोडा पिवळा झालाय. तुम्ही बारा वर्षं म्हणताय आणि मी बारा वर्षं “उजेडात बघा” म्हणतेय. पिवळाच आहे.

इथे रंग जुळवायची रीत अशी: सकाळचा उजेड, उत्तरेची खिडकी. नमुन्याच्या दातांची माळ माणसाच्या दाताजवळ धरायची आणि पाच सेकंद बघायचं. फक्त पाच. मग लगेच भिंतीवर लावलेल्या करड्या पडद्याकडे बघायचं, डोळ्यांना विसावा द्यायचा, मग पुन्हा पाच सेकंद. जास्त वेळ बघितलं की डोळा दमतो आणि त्याला सगळेच रंग एकसारखे दिसायला लागतात. करवतबाई मोठ्यानं आकडे मोजतात आणि पाच झाले की ओरडतात, “पडदा!”

यात सोळा नंबर सगळ्या वर्गाचा गुरू. वीस वर्षं रंग कालवलेला माणूस. तीन सेकंदांत सांगतो, दोन नमुन्यांच्या मधला रंग आहे, कडेला थोडा निळसर. बाईसुद्धा त्याला विचारतात. परवा जोड्या लावल्या तेव्हा माझा रंग बघायला तो आला. बाईंनी मोजलं, एक, दोन, तीन, चार, पाच, पडदा. हा बघतोच आहे. सहा. सात. बाई खोलीच्या त्या टोकाहून ओरडल्या, “सोळा, पडदा!” सगळा वर्ग वळून बघायला लागला. तो म्हणाला, “रंग सापडत नाहीये.” बाई म्हणाल्या, “तुम्हाला?”

मला इतकं हसू आलं की माळ हातातून पडली आणि एक नमुना टेबलाखाली गेला. तो शोधण्यात अर्धा तास गेला.

आता थंडी पडलीय. पायमोज्यांचे दोन जोड एकावर एक घालते. तुम्ही विणलेला स्वेटर कोटाच्या आत घातला की मी पिंपासारखी दिसते, पण घालते. तुम्ही एकट्या जेवताना ताट घेऊन टीव्हीसमोर बसता हे मला ठाऊक आहे. बसा, पण नीट जेवा.

या पत्रात सोळा नंबर किती वेळा आला ते मोजू नका.

तुमची,
खुलासा करून मोकळी झालेली


ता. ९ फेब्रुवारी

तीर्थरूप आईंना,

साष्टांग नमस्कार. तुमची दोन पत्रं आली. मी उत्तर दिलं नाही म्हणून तुम्ही काळजीत असाल. मी बरी आहे. सहामाही परीक्षा झाली, तिसरा नंबर आला. बर्फ पडून गेला. खालच्या दुकानाचं यंत्र बिघडलं होतं, आता दुरुस्त झालं. टेबलाचा एक पाय हलतो, त्याखाली कागद घातलाय.

बघा, मी टेबलाच्या पायाबद्दल लिहितेय. हे चौथं पत्र आहे. आधीची तीन फाडली.

आई, नोव्हेंबरात मी तुमच्याशी खोटं बोलले. मी पाढे म्हटले नव्हते.

त्याच्या तोंडात साचा धरून उभी होते, त्याला बोलता येत नव्हतं, माझी भाषा त्याला कळत नव्हती. मी ह्यांच्याबद्दल बोलले. सहा वर्षांत मी कुणाजवळ बोलले नव्हते, तुमच्याजवळही नाही, कारण तुम्ही रडाल म्हणून मी बोलत नव्हते आणि मी रडेन म्हणून तुम्ही बोलत नव्हता. त्या तीन मिनिटांत मी सांगितलं, की सकाळी चहा घेऊन गेले तर ते बाकावर डोकं ठेवून होते. मला वाटलं डुलकी लागलीय, म्हणून मी ओरडले त्यांच्यावर. “चहा निवतोय!” म्हणून ओरडले. आई, मी त्यांच्याशी शेवटचं बोलले ते ओरडून, आणि ते त्यांनी ऐकलंही नव्हतं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

आणि शेवटचं वाक्य, जे त्याला पुन्हा ऐकायचं होतं, ते असं होतं: “मला इथे कुणी ओळखत नाही, आणि मला फार बरं वाटतंय.”

पुढे महिनाभरानं त्यानं पुन्हा विचारलं. आम्ही बसची वाट बघत होतो. मी अर्थासकट सगळं सांगितलं, त्या तिसऱ्याच भाषेत, जी धड त्याचीही नाही आणि माझीही नाही. दोघंही चुकत बोलतो, त्यामुळे कुणाला कुणाची लाज नाही. दोन बस गेल्या. त्यानं माझं सांत्वन केलं नाही. एवढंच विचारलं, “चहा कसला करायचीस त्यांना?” मी सांगितलं, आलं घालून, साखर कमी. दुसऱ्या दिवशी आलं घेऊन आला. चहा इतका भयंकर केला होता की मी पिताना रडले, आणि रडता रडता हसले, आणि त्याला वाटलं जमला.

मी ह्यांची मेण कोरायची सुरी इथे आणलीय, दोरा गुंडाळलेल्या मुठीची. वर्गात कुणीही कुणाचं हत्यार उचलतं. तो ती सुरी उचलत नाही. हवी असली तर विचारतो, वापरून पुसतो आणि माझ्या हातात देतो. हे त्याला मी शिकवलेलं नाही.

आता लिहूनच टाकते. मला तो आवडतो. फार आवडतो. सकाळी उठल्यावर आज काय घालू असा प्रश्न मला पडतो, आई, या वयात! बसमध्ये मी एकटीच हसते आणि लोक सरकून बसतात. मी असलं काही शोधायला आले नव्हते, मी संगणकावरचे दात शिकायला आले होते. हे कुठून आलं मला कळलंच नाही.

गेल्या रविवारी तो म्हणाला, “तुझ्या घरी एक खोली आहे, एक बाक आहे. दुसऱ्या बाकाला जागा होईल का?” म्हणजे त्याला इथे राहायचं नाही, मला कुठे न्यायचंही नाही. त्याला आपल्याकडे यायचंय. कोरणं माझं, रंग त्याचे. मी त्याला हो म्हटलेलं नाही. नाही म्हणायला तोंड उघडलं, तर तेही जमलं नाही. म्हटलं, “ती खोली माझी नाही, मी विचारून सांगते.” तर म्हणाला, “विचार. मी पाट्या रंगवल्यात. रंग वाळेपर्यंत बोट लावायचं नाही, हे मला येतं.”

म्हणून विचारते. आणि मला कशाची भीती वाटते तेही सांगते. तुम्ही रागावाल याची नाही. तुमचा राग मी सोळा वर्षं बघतेय, तो संध्याकाळच्या चहापर्यंत टिकतो. भीती याची वाटते, की तुम्ही शहाण्यासारख्या वागाल. “सुखी राहा, बाळ” म्हणाल, ट्रंक भराल आणि तुमच्या भावाकडे राहायला निघून जाल. मग मी त्या घरात तुमच्याशिवाय दुसऱ्या बाकाचं काय करू? तुम्ही नसाल तर ते घर मला नको, आणि तुम्हाला घालवून मिळणारं सुखही नको. हे मी चांगुलपणानं म्हणत नाहीये. मला खरंच जमणार नाही.

तुम्ही नाही म्हणालात तर जूनमध्ये मी एकटी येईन आणि खोलीचं कुलूप उघडेन. हसत येईन असं वचन देत नाही. पण येईन.

सही काय करावी कळत नाही. हे वाचून मला सून म्हणवून घेण्याचा हक्क राहील की नाही ठाऊक नाही. म्हणून दुसरं नातं लिहिते, ते तरी कुणाला काढून घेता येत नाही.

तुमची लेक


ता. ६ एप्रिल

तीर्थरूप आईंना,

साष्टांग नमस्कार, आणि तो खराखुरा, खोलीतल्या फरशीवर डोकं टेकून. खालच्या दुकानातल्या बाई भाडं मागायला वर आल्या होत्या, त्यांनी बघितलं. काय समजायचं ते समजल्या असतील.

सात आठवडे! सात आठवडे तुम्ही माझा जीव टांगणीला लावलात. फोन केला की काकू उचलणार आणि म्हणणार, “त्या लिहितायत, मध्ये बोलू नको असं सांगितलंय.” मी हरले. करवतबाईंनी विचारलं घरी कुणी आजारी आहे का. सोळा नंबर बिचारा काही विचारायचा नाही, नुसता रोज माझ्या पत्रपेटीत डोकावून यायचा.

काल पाकीट आलं. मी उघडलं नाही, वर्गात घेऊन गेले. मधल्या सुट्टीत खिडकीशी त्याला बसवलं आणि एकेक वाक्य वाचून अर्थ सांगत गेले. तुम्हाला आवडणार नाही कदाचित, पण मला एकटीनं वाचायचा धीर नव्हता.

“तुझं पत्र आलं तेव्हा आधी कवळी घातली, मग वाचलं. असली पत्रं बोळक्या तोंडानं वाचू नयेत.” इथपर्यंत मी हसत होते.

“वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? समोरच्या खोलीचं कुलूप काढून दोन दिवस आत बसले. माझ्या मुलाचं स्टूल तिथेच आहे. त्याच्यावर तू ओरडलीस म्हणून सहा वर्षं जीव खाल्लास स्वतःचा? अगं, मी त्याच्यावर जन्मभर ओरडले. त्याला ओरडणं ऐकल्याशिवाय सकाळ झाल्यासारखं वाटायचं नाही.” इथे मला पुढे वाचता येईना. सोळा नंबर पडद्याकडे बघत बसला.

“तिसऱ्या दिवशी तुझी जुनी पत्रं काढली. ते जबड्याचं वाचलं आणि एकटीच इतकी हसले की शेजारीण धावत आली. मग कळलं. सहा वर्षं तू माझ्यासमोर हसत होतीस ती मला बरं वाटावं म्हणून. मला ते कळत नव्हतं असं समजू नकोस. या पत्रांत तू आपणहून हसली आहेस. ते मला हवं आहे.

आता तुझ्या चुका. पहिली, मी भावाकडे जाईन हे तुझ्या डोक्यात आलं कुठून? घर माझं आहे. मी का जाऊ?

दुसरी चूक मोठी. ‘लेक’ अशी सही केलीस. त्यावर मी काट मारली आहे. लेकी लग्न करून घरातून जातात. एक लेक मी वाजतगाजत पाठवली आहे, पुन्हा पाठवायची ताकद माझ्यात नाही. सून घरात येते आणि राहते. तुला आधी मी पसंत केलं होतं, माझ्या मुलानं नंतर. तेव्हा तुझं नातं माझ्याशी आहे, ते तुटायचं काही कारण नाही. पुन्हा असली सही केलीस तर पत्र न वाचता परत पाठवीन.

आता त्याचं. त्याला मी मुलगा म्हणणार नाही, तो मला एकच होता. जावई म्हणणार नाही, जावयाचे नखरे या वयात मला झेपायचे नाहीत. तो माझ्या सुनेचा नवरा. एवढं नातं मला पुरे. त्याला पुरतं का विचार.

स्टूल मिळणार नाही. बाकी खिडकीजवळची जागा मोकळी करून घेतली आहे, तिथे उजेड चांगला. सुतार दुसऱ्या बाकाचं माप मागतोय. तो किती उंच आहे ते कळव. आणि आल्यावर आधी माझ्या कवळीचा रंग बघायला सांग. पिवळीच आहे.”

मी अर्थ सांगायची थांबले. तो म्हणाला, “पुन्हा सांग.” पुन्हा सांगितलं. “सुनेचा नवरा” हे शब्द मराठीत म्हणून दाखवायला लावले, स्वतः म्हणाला, चुकला, परत म्हणाला. मग उठला आणि भर वर्गात करवतबाईंना मिठी मारली. बाई म्हणाल्या, “सोळा, पडदा!” पण हसत होत्या.

मग मी त्याला हो म्हटलं. तुमच्या नंतर, तुमच्या परवानगीनं, उत्तरेच्या खिडकीशी. पाच सेकंदांहून बराच जास्त वेळ बघितलं आम्ही एकमेकांकडे, आणि कुणी आकडे मोजले नाहीत.

सुताराला सांगा: पाच फूट अकरा इंच. थोडा वाकून चालतो, पण बाक पुऱ्या उंचीचा करा. वाकायची गरज पडू नये.

त्याच्या बहिणीला फोनवर सांगितलं. तिनं विचारलं, “तिच्या घरी कोण कोण आहे?” तो म्हणाला, “सासू.” ती म्हणाली, “कुणाची?” त्यावर दोघं अर्धा तास बोलत होती.

खालची दुसरी सही त्याची आहे, स्वतःच्या हातची, ब्रशानं. मी अक्षरं कागदावर काढून दिली. त्यानं आधी दोऱ्यानं सरळ रेघ मारून घेतली, माझ्याकडून प्रत्येक अक्षराचा उच्चार तीनदा म्हणवून घेतला, मग रंग कालवला. पाटीच रंगवलीय म्हणा ना! ‘नवरा’ या शब्दाच्या आधी ‘होणारा’ असं लिहायचं असतं, लग्न अजून व्हायचंय, असं मी त्याला बजावलं होतं. त्यानं कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, जागा पुरत नाही. अर्धा कागद कोरा आहे, तुम्हीच बघा.

रंग वाळेपर्यंत थांबून मग पाकीट बंद करतेय. आम्ही जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो.

तुमची सून

सुनेचा नवरा